निवृत्त हातांना करवत आणि रंधा



आरोग्याच्या या पानावर आपण नेहमी रक्तदाब, साखर आणि आहार यांबद्दल वाचतो. आज मी लाकूडकामाबद्दल लिहिणार आहे. याचा आरोग्याशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो माहीत नव्हता. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

मी आरोग्य खात्यात ३४ वर्षे नोकरी केली. गावोगावी फिरलो, लसीकरणाची शिबिरे केली, हिवतापाच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने घेतले. ५८व्या वर्षी निवृत्त झालो. पहिले तीन महिने सत्कारात, नातेवाइकांकडे जाण्यायेण्यात बरे गेले. चौथ्या महिन्यापासून दिवस संपता संपेना. सकाळी पेपर, मग मोबाइल, दुपारी झोप आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. पाच महिन्यांत वजन चार किलोंनी वाढले आणि उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. डॉक्टर म्हणाले, "औषध आत्ताच नको, पण बसून राहू नका." मी फिरायला जाऊ लागलो. पण फिरणे पाऊण तासाचे. उरलेल्या दिवसाचे काय करायचे? माझ्या बरोबरीचे दोघे-तिघे अशाच रिकाम्या संध्याकाळी बाटलीकडे वळलेले मी पाहत होतो. ती भीती मनात होतीच.

आई तेव्हा ८३ वर्षांची. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही आणि खुर्चीत बसून भाजी निवडायला घेतली की पाठ वाकते. तिला एक बुटके, रुंद, न डगमगणारे लाकडी स्टूल हवे होते. गच्चीवर जुन्या दाराची सागवानी चौकट पडून होती. ती घेऊन मी वस्तीजवळच्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, मला पंधरा दिवस सवड नाही. तुम्हीच करता का? मी दाखवतो." त्यांचे स्वतःचे काम आता प्लायवूड आणि मशीनवर चालते. वडिलांची हातअवजारे त्यांनी पोत्यात बांधून माळ्यावर ठेवली होती. ती खाली काढली. गंजलेली करवत, एक लाकडी रंधा, दोन पटाश्या आणि एक गुण्या. गंज काढण्यात आणि धार लावायला शिकण्यातच माझा पहिला आठवडा गेला.

मी अंगणात करवत चालवतोय हे पाहून आई संतापली. "हे काय करून राहिला तू? तुह्या बापानं जिंदगीभर खडी फोडली, खांदा मोडून घेतला. तुले शिकवलं कायले? म्हातारपणी लाकडं कापाले?"

मी गप्प राहिलो, कारण तिचे म्हणणे खोटे नव्हते.

लादलेले काम आणि निवडलेले काम

बाबांनी रस्त्याच्या कामावर वर्षानुवर्षे खडी फोडली. पन्नाशीतच त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आपल्यातल्या कितीतरी घरांत हीच गोष्ट आहे. कष्टाच्या कामातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी आपल्याला शाळेत घातले, आपल्या हाती पेन दिले. त्यामुळे शिकलेल्या माणसाने पुन्हा अवजार उचलले की घरातल्या वडीलधाऱ्यांना ते मागे जाणे वाटते. शिवाय सुतारकाम हा जन्माने ठरलेला धंदा होता. ज्याच्या घरात तो नव्हता, त्याला कुणी शिकवत नसे. जातिव्यवस्था नुसते काम वाटून देत नाही, ती माणसांनाच कप्प्यांत कोंडते आणि आवडीने काम निवडण्याचा हक्क काढून घेते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. म्हणजे दोष निवड हिरावून घेण्यात होता. हाताने काम करण्यात कमीपणा कधीच नव्हता.

आरोग्याच्या दृष्टीनेही हा फरक मोठा आहे. बाबांचा खांदा दुखत असला तरी त्यांना थांबता येत नव्हते. थांबले तर त्या दिवसाची मजुरी बुडायची. मला थांबता येते. दुखू लागले की मी करवत खाली ठेवतो आणि चहा घेतो. श्रम तेच, पण विश्रांती आपल्या हातात असली की शरीर त्याच श्रमाने सावरते आणि विश्रांती नसली की झिजते.

हातकाम सर्वांसाठी असावे, हा विचार जगात नवा नाही. फिनलंडमध्ये १८६६ साली उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने शाळांत हातकामाला स्थान मिळाले. पुढे स्वीडनमध्ये नेस या ठिकाणी ऑटो सालोमन यांनी शिक्षकांसाठी लाकूडकामाचे वर्ग चालवले. या पद्धतीला 'स्लॉइड' म्हणतात. मुलांना सुतार बनवणे हा तिचा हेतू नव्हता. अंगमेहनतीबद्दल आदर, नीटनेटकेपणा, नजरेची अचूकता आणि स्वतःवरचा भरवसा यावा, हा होता. पहिल्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांचे हात आणि मन पुन्हा कामाला लावण्यासाठी इस्पितळांतही लाकूडकामाचा उपयोग झाला.

शरीराला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. ६५च्या पुढे तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस असावा. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की ते मध्यम श्रम समजावेत. दहा मिनिटे नीट रंधा मारून पाहा, तेवढा दम लागतोच. पाय रोवून उभे राहायचे, जोर मांड्यांतून आणि कमरेतून द्यायचा आणि हातांनी फक्त दिशा राखायची. हे जमले की खांदा दुखत नाही. फिरण्याला हा पर्याय नव्हे, जोड आहे. कारण फिरताना हात आणि बोटे जवळजवळ रिकामीच असतात.

मनाचे म्हणाल तर करवत रेघेवर चालवताना दुसरा विचार करताच येत नाही. केला की रेघ सुटते. तासभर मोबाइल हातात नसतो. संध्याकाळी अंग थकलेले असते आणि झोप लागते. माझी साखर पुढच्या तपासणीत १०६ आली. त्यात फिरण्याचा आणि कमी केलेल्या भाताचाही वाटा आहे. लाकूडकामाने साखर उतरते असा दावा मी करणार नाही. झोप सुधारली आणि संध्याकाळ भरली, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

मशीन का नको?

मशीनवर काम झटपट होते हे खरे. पण छंदाला घाई कसली? आठ तासांसाठी आवाजाची सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबल मानली जाते. विजेची गोल करवत १०० डेसिबलच्या आसपास जाते. साठीत आधीच कमी होणारी श्रवणशक्ती त्यात का घालवायची? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

दुसरा मुद्दा धुळीचा. लाकडाची धूळ हे कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले. नाक आणि नाकाशेजारच्या पोकळ्या यांचा कर्करोग त्यात येतो. हा धोका वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कामगारांना अधिक असतो. आपल्या घरचे फर्निचर करणाऱ्या मिस्त्रींच्या नाकावर मास्क असावा, हेही आपण पाहिले पाहिजे. हाताच्या रंध्यातून धूळ जवळजवळ उडत नाही, लांब वळ्या निघतात. करवतीचा भुसा जाड असतो आणि खाली पडतो. बारीक धूळ होते ती मुख्यतः पॉलिश पेपर घासताना. म्हणून धारदार रंध्यानेच पृष्ठभाग गुळगुळीत करायला शिकावे. पेपर लावायचाच असेल तर एन-९५ मास्क घालून, उघड्यावर लावावा. नंतर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

सुरुवात कशी करावी?

अवजारे थोडीच लागतात. एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या (अर्धा इंची आणि एक इंची), एक गुण्या, लाकडी हातोडा, मोजपट्टी, दोन क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. मी नंतर स्वतःची घेतली तेव्हा काही जुन्या बाजारातून, काही नवी, अशी सगळी मिळून तीन हजारांच्या आत बसली.

धार हा या कामाचा प्राण आहे. बोथट पटाशीला जास्त जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेली पटाशी निसटली की हातात घुसते. धारदार अवजार म्हणूनच जास्त सुरक्षित असते. रंध्याच्या पात्याला २५ ते ३० अंशांची उतरण असते. ती दगडावर तेल किंवा पाणी टाकून घासावी. मागच्या बाजूला बोटाला जाणवेल न जाणवेल अशी लव आली की पाते उलटून ती काढावी. धार बोटावर तपासू नये. वर्तमानपत्राचा कागद अलगद कापला गेला की धार आली.

बैठक आपल्या सांध्यांप्रमाणे ठरवा. आपले जुने कारागीर जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करत. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी तसे करावे. बाकीच्यांनी उभ्याने काम करावे. सरळ उभे राहून हात खाली सोडला की मनगट जिथे येते, साधारण तेवढ्या उंचीचे टेबल रंधा मारायला बरे. टेबल भक्कम हवे. ते हलले तर सगळा भार कमरेवर येतो.

लाकूड विकत घेण्याची घाई नको. जुना पलंग, मोडके दार, खोक्याच्या फळ्या यांवर हात बसवावा. पण तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, खिळे. ते सगळे काढल्याशिवाय करवत लावू नये. दुसरी, जुना रंग. घरगुती रंगातील शिशाची मर्यादा आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून ९० पीपीएम अशी कडक झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून जुना रंग घासू नये, असे लाकूड सोडून द्यावे. तिसरी, परदेशी मालाच्या लाकडी पॅलेटवरचा शिक्का. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेले लाकूड, ते चालते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया केलेले, ते घेऊ नये. सागवान आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठतो. तसे झाले तर लाकूड बदलावे.

पहिल्याच दिवशी खुर्चीला हात घालू नका. एका फळीवर दहा रेघा आखा आणि रेघेलगत कापत राहा. दुसऱ्या आठवड्यात एक कड गुण्यात काटकोनी करा. तिसऱ्या आठवड्यात एका तुकड्याला भोक आणि दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ असा सांधा करून पाहा. माझे पहिले चार सांधे ढिले निघाले, पाचवा बसला. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, हा खिळ्याशिवाय राहील." त्या दिवशी मला बढतीच्या आदेशाइतका आनंद झाला. भगिनींनीही हे काम जरूर करावे. माझी पत्नी माझ्यापेक्षा सरळ करवत चालवते.

ही काळजी घ्याच

पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे हवेत. लाकूड एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कोरू नये, क्लॅम्प लावावा. डोळ्यांना चष्मा आणि पायात बंद बूट असावेत. मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, पडलेल्या पटाशीची जखम कळतही नाही. त्यांनी रात्री पाय तपासावेत. जोर लावताना श्वास रोखू नये, रक्तदाब एकदम चढतो. रंधा पुढे जाताना श्वास सोडावा. वीस मिनिटांनी पाच मिनिटे थांबावे. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर त्या दिवशीचे काम बंद. दारू घेतली असेल किंवा झोपेची गोळी घेतली असेल तर अवजाराला हात लावू नये.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, हर्नियाचे किंवा डोळ्याचे ऑपरेशन झालेले, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असलेले, वारंवार चक्कर येणारे, या सर्वांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

काम सुरू करण्याआधी धनुर्वाताची लस घेतलेली असावी. दर दहा वर्षांनी बूस्टर डोस लागतो. साठीतल्या बहुतेकांना शेवटची लस कधी घेतली हेच आठवत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

कापले तर स्वच्छ फडक्याने जखम दहा मिनिटे सलग दाबून धरा. मध्येच उघडून पाहू नका. हात उंच ठेवा. रक्त थांबल्यावर साध्या पाण्याने धुवा. चुना, राख, हळद भरू नका. कापल्यानंतर बोट वाकत नसेल, किंवा जखमेच्या पुढचा भाग बधिर वाटत असेल, तर शीर किंवा स्नायूचा दोर तुटलेला असू शकतो. त्याच दिवशी इस्पितळात जा. बोटाचा तुकडाच वेगळा झाला तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकू नका. कुसळ घुसले तर ज्या दिशेने गेले त्याच दिशेने चिमट्याने ओढून काढा.

शेवटचा इशारा तेलाचा. लाकडाला जवसाचे तेल लावण्याची जुनी रीत चांगली आहे. पण त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापतात आणि पेटतात. काडी लावावी लागत नाही. बोळे उघड्यावर पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

आईचे स्टूल

स्टूल व्हायला मला सात आठवडे लागले. मिस्त्रींनी ते दोन दिवसांत केले असते. आईसमोर ठेवले तेव्हा तिने आधी हाताने हलवून पाहिले, मग बसली. बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "उंच झालं थोडं. बोटभर कमी कर." मी चारही पाय बोटभर कापले. आता ती रोज सकाळी त्यावर बसून भाजी निवडते. पाठ सरळ असते. कुणी पाहुणे आले की सांगते, "माह्या पोरानं केलं." बाबांचा खांदा ती विसरलेली नाही आणि विसरूही नये. पण हल्ली मी अंगणात उतरलो की ती खिडकीतून ओरडते, "मास्क लाव आधी!"

आता आमच्या वस्तीतले आम्ही चौघे निवृत्त रविवारी सकाळी विहारामागच्या शेडमध्ये जमतो. मिस्त्री अधूनमधून येऊन आमच्या चुका दाखवतात. अभ्यासिकेतल्या मुलांची पुस्तके जमिनीवर पडलेली असत, म्हणून सध्या पुस्तकांची मांडणी करत आहोत. तिची एक फळी अजून तिरकी बसते आहे. पुढच्या रविवारी ती काढून पुन्हा करू.

आपल्या वस्तीतही असे एखादे मिस्त्री असतील, ज्यांच्या माळ्यावर वडिलांच्या अवजारांचे पोते पडून आहे. त्यांना जाऊन भेटा. शिकवल्याचा योग्य मोबदला द्या, त्यांच्या वेळेची किंमत ठेवा. एक करवत, एक फळी आणि रोजचा एक तास एवढ्यावर सुरुवात होते. तेवढे करा आणि धनुर्वाताची लस मात्र आधी घ्या.